पाणी उतरलं का पाखरं उतरतात : वाचकांचे प्रश्न

धान कटाई झाली, पहाटे शेकोट्या पेटल्या का या सदराकडं पाखरांचे प्रश्न येणं सुरू होतं. यावेळी इतके आले का गाई-म्हशी अन् परसबागेचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न छापता गाव-तालुका तेवढा टाकलाय.

प्रश्न : मुलगा नवी मुंबईत नोकरीले आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो तर म्हटलं फ्लेमिंगो पाहून घेऊ. सकाळी दहाले खाडीवर पोचलो अन् समोर नुसतं पाणीच पाणी, एक पाखरू नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाई दुपारी तीनले तिकडून येऊन राहिली होती तर तिले म्हणते हजारो दिसले. आमच्याच नशिबात नव्हते का याचा काही टाइम असते? (आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : काका, नशीब-बिशीब काही नाही, तुम्ही भरतीत गेले अन् सूनबाई ओहोटीत. आपल्याकडच्या माणसाच्या हे पटकन लक्षात येत नाही कारण आपला तलाव सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी असतो, खाडीचं तसं नाही, तिथं पाणी सहा तास चढतं, सहा तास उतरतं, असं दिवसातून दोनदा. उतरलं का लांबपर्यंत चिखल उघडा पडतो अन् त्या चिखलातलं शेवाळ, किडे, बारके शिंपले खायलाच ही सगळी पाखरं तिथं येतात. चिखल बुडाला का त्यांचं तिथं कामच उरत नाही.

आता टाइम काढायचा कसा ते सांगतो. घरी पंचांग असेलच, नसेल तर भिंतीवर कॅलेंडर. जी तिथी असेल तिला तीननं गुणा अन् चारनं भागा, जे येईल ती मुंबईच्या भरतीची अंदाजे वेळ. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या आसपास एक भरती अन् संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसरी. पौर्णिमा-अमावास्या झाली का परत प्रतिपदेपासून मोजायचं. हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, शिवाय खाडीत आत ठाण्याकडं भरती थोडी उशिरा पोचते, म्हणून मोबाईलवरचं भरतीचं टेबल पण एकदा पाहून घ्यायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं अन् खूप उतरतं, अष्टमीकडं चढउतार कमी.

पण पूर्ण ओहोटीत गेलं का काम झालं असंही नाही बरं का. तेव्हा पाखरं असतात पण पार चिखलाच्या त्या टोकाला, डोळ्याला एक गुलाबी रेघ दिसते फक्त अन् माणूस म्हणतो हेच का ते. पूर्ण भरतीत ती उठून आतल्या तळ्यांवर जाऊन बसतात, नेरूळकडच्या तळ्यांवर भरतीच्या वेळी गर्दी होते ती त्यामुळंच. खरा टाइम मधला, भरतीच्या आधीचे दोन-तीन तास. पाणी मागून चढत येतं, पाखरं खात खात त्याच्यापुढं सरकतात अन् सरकत सरकत तुमच्या काठाजवळ येतात. तुम्ही एका जागी बसून राहायचं, बाकीचं काम पाणी करतं.

अजून एक, उन्हाची दिशा. मुंबईच्या बाजूनं शिवडीला उभं राहिलं का तोंड पूर्वेला होतं, सकाळी ऊन डोळ्यात येतं अन् पाखरं काळी दिसतात, तिथं दुपारनंतर जायचं. तुमचा मुलगा नवी मुंबईत आहे तर ऐरोलीची बाजू पाहा, तिथं सकाळी ऊन पाठीशी असतं. ऐरोलीला वनविभागाचं किनारी अन् सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते, तीही भरतीच्या हिशोबानं निघते म्हणून आधी चौकशी अन् बुकिंग करूनच जा. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य केलं अन् २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. संक्रांतीनंतर जा, डिसेंबरची घाई करू नका, ही पाखरं मे-जूनपर्यंत तिथं असतात. फ्लेमिंगो दोन जातीचे दिसतील, मोठा रोहित उंच, पांढरट अन् चोच फिकी गुलाबी, लहान रोहित बुटका, जास्त गुलाबी अन् चोच गडद लाल. गुलाबी रंग हा खाण्यातून येतो, शेवाळ अन् बारक्या झिंग्यांमधून, पिल्लू जन्मतः राखाडी असतं.

प्रश्न : मग आमच्या बोडीवर (लहान तलावावर) फ्लेमिंगो काहून येत नाही? पाणी तर आमच्याकडं पण आहे. (लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : त्याला सहसा उथळ अन् खारट किंवा मचूळ पाणी लागतं, त्यात जे शेवाळ अन् बारीक जीव होतात ते चोच उलटी धरून गाळून खायचे. तुमच्या बोडीत गोडं पाणी, शिंगाडा, कमळ, त्याला तिथं खायला काय? नाही येत तर नका येऊ द्या, तुमच्याकडं सारस आहे, तो मुंबईवाल्याच्या खिडकीतून जन्मात दिसत नाही.

प्रश्न : गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेले तर चार बगळे अन् टिबुकल्या, बस. सगळे म्हणत होते परदेशी बदकं येतात. संक्रांतीला माहेरच्या लोकांना घेऊन गेले तर तलाव बदकांनी भरलेला. हे उशिरा येतात का? (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : ताई, थोडी उशिरा येतात हे खरं, लडाख, तिबेट, मध्य आशिया, सायबेरियाकडून येणारी पाखरं ऑक्टोबरपासून उतरायला लागतात अन् डिसेंबर-जानेवारीत भरतात. पण तुमच्या तलावाचं अर्धं कारण वेगळं आहे अन् ते म्हणजे पाण्याची खोली.

दिवाळीत तलाव तुडुंब असतो. पाणी थेट पाळीला अन् गवताला टेकलेलं, काठ असा नाहीच. आता बदकांचं पाहा. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही जी बदकं आहेत ती शेपटी वर करून डोकं पाण्यात घालतात, त्यांची मान पोचेल तिथवरच त्यांचं खाणं, म्हणजे हातभर पाणी. त्याहून खोल पाण्यात ती झोपतील, पोहतील, पण पोट भरणार नाही. लालसरी बदकं बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालतं, म्हणून भरलेल्या तलावाच्या मधोमध आधी तीच दिसतात अन् सोबत काळे वारकरी. अन् तुतारी, टिलवा, शेकाट्या वगैरे जी लांब पायाची मंडळी, त्यांना तर बोटभर पाणी नाहीतर ओला चिखलच पाहिजे.

पुढं पाणी रबीला सुटतं, मग उन्हाळी धानाला, ऊनही वाढत जातं, अन् तलाव मागं मागं सरकतो. पाणी जसं उतरतं तसा नवीन उथळ पट्टा रोज तयार होतो अन् पाखरं त्या पट्ट्यासोबत चालतात. खाडीत जे सहा तासांत होतं तेच आपल्याकडं दिवाळी ते होळी चालतं, एवढाच फरक. आमगावच्या काकांना मी घड्याळ पाहायला सांगितलं, तुम्हाला कॅलेंडर पाहायला सांगतो.

मुलांसाठी एक सोपा उद्योग सांगतो. आज पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवून या. पंधरा दिवसांनी जा अन् काठीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजा, ती सगळी जागा दोन आठवड्यांपूर्वी पाण्याखाली होती. त्या पट्ट्यात बसून पाहा. काठीजवळ चिखल भेगाळलेला, तिथं धोबी शेपटी हलवत किडे टिपतो. थोडं पुढं ओलसर, तिथं हिरवी तुतारी एकटीच फिरत असते, जवळ गेलं का ओरडत उडते तेव्हा कमरेवरचा पांढरा डाग दिसतो. मग पाण्याचा नुसता थर, तिथं छोटा टिलवा, चिमणीएवढा, मान वर न करता टोच टोच टोच चालूच. त्याच्या पुढं घोटाभर पाण्यात उघडचोच नावाचा करकोचा बगळ्यासारखा हळूहळू चालतो अन् चोच चिखलात खुपसून गोगलगाय काढतो, याच्या दोन चोचींत मधे फट असते, त्या फटीमुळं गोगलगाय धरायला अन् शंखातून बाहेर ओढायला सोपं जातं. तो निघून गेल्यावर तिथं जाऊन पाहा, रिकामे शंख पडलेले सापडतील, बरेचसे न फुटलेले.

थापट्या बदकांचा थवा दिसला तर पोरांना नक्की दाखवा. पसरट चोच पाण्यात अर्धी बुडवून सगळे एकामागं एक गोल गोल फिरतात, पुढच्याच्या पायानं जो गाळ वर येतो तो मागचा चोचीतून गाळून खातो, चोचीच्या काठाला कंगव्यासारखे बारीक दात असतात. हे उथळ पाण्यात छान दिसतं, म्हणजे जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत.

प्रश्न : विदर्भात हिवाळी पाखरं पाहायला चांगली ठिकाणं सांगा, यादी द्या. (वर्धा)

उत्तर : यादी छापली का लोक तेवढ्याच तलावांवर गाड्या घेऊन जातात म्हणून हात आखडतो, तरी मोठी नावं सगळ्यांना माहीतच आहेत. गोंदियात नवेगाव बांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा. चंद्रपूरकडं घोडाझरी, असोलामेंढा, जुनोना. बुलढाण्यात लोणार, त्याचं पाणी खारं अन् अल्कधर्मी आहे, २०२० साली रामसर यादीत आलं. ते पाहा जरूर पण बदकांच्या गर्दीसाठी गोड्या पाण्याचा तलावच बरा. अन् खरं सांगू का, तुमच्या गावाजवळ जो काही लहानसहान तलाव, बोडी, गावतळं आहे तिथं एकाच हिवाळ्यात वारंवार जाण्यानं जितकं समजतं तितकं दहा नामी ठिकाणं एकेकदा पाहून समजत नाही.

प्रश्न : आम्ही ढिवर समाजाचे, आमच्या संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतला आहे. शहरातले लोक येऊन पाखरं पाहून खूश होऊन जातात पण पाणकावळे आमचे मासे खातात त्याचं काय? पाखरं हाकलली तर लोक आम्हालाच बोलतात. (पवनी, जि. भंडारा)

उत्तर : भाऊ, तुमचा राग रास्त आहे अन् शहरातून येणाऱ्यांनी हा प्रश्न दोनदा वाचावा असं मला वाटतं. पाणकावळा मासाच खातो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कवड्या खंड्या, राखी बगळा, नदी सुरय हेही मासेखाऊ. पण बाहेरून आलेल्या बदकांचा यात दोष नाही, ती बहुतेक पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगायी यावरच असतात. तेव्हा हजार बदकं बसली म्हणजे हजार मासे गेले असा हिशोब धरू नका.

उपाय म्हणाल तर बारीक मत्स्यबीज थेट तलावात सोडण्यापेक्षा ते वेगळ्या खड्ड्यात किंवा जाळीत वाढवून बोटुकली झाल्यावर सोडलं का नुकसान कमी होतं, ते फक्त पाखरांपासूनच नाही, मरळसारख्या शिकारी माशांपासून पण वाचतं. दुसरं म्हणजे तलावात माशाला लपायला जागा पाहिजे. बेशरमाची झुडपं माजली, गाळ काढायच्या नावाखाली मशीननं तळ खरवडून सगळ्या देशी पाणवनस्पती गेल्या, तर मासाही नाही अन् पाखरूही नाही. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायांनी तलावातली बेशरम उपटली अन् देशी पाणवनस्पती परत लावल्या, मासे परत वाढले, असं काम झालेलं आहे. तिकडच्या संस्थांना एकदा भेटून या, माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त कामाचं.

अन् पाहायला येणाऱ्यांना माझं एक सांगणं. डोंग्यावरच्या माणसाला न विचारता बंधाऱ्यावर गाडी चढवू नका, जाळ्यात पाय घालू नका, तो तलाव कुणाचं तरी पोट आहे. सकाळी मासेमारी चालू असताना पाखरं उडाली म्हणून चिडणारे लोक मी पाहिलेत, मला हसावं का रडावं कळत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की एक हंस हिमालयावरून उडून आपल्या धरणावर येतो. ते खरं आहे का? इतक्या उंचावर त्याला श्वास कसा घेता येतो? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : खरं आहे पोरी, सर बरोबर सांगतात. त्याचं नाव पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे पट्टे असतात, त्यावरून लगेच ओळखता येतो. तिबेट, लडाख, मंगोलियाकडं अंडी घालतो अन् हिवाळ्यात आपल्याकडं येतो. पाठीवर छोटं यंत्र बांधून शास्त्रज्ञांनी मोजलं तर ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद मिळाली. तिथं हवा इतकी विरळ असते का माणूस चार पावलं चालून बसेल. याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन कमी हवेतही ऑक्सिजन चांगला पकडतं, फुप्फुसं मोठी असतात अन् श्वास खोल घेतो. अजून एक हुशारी अशी का तो उगाच सगळा वेळ उंच उडत नाही, डोंगर आला तर वर, दरी आली तर खाली, जमिनीच्या चढउताराप्रमाणं उडतो, अन् रात्री किंवा पहाटे जास्त उडतो कारण तेव्हा हवा थंड अन् दाट असते. दिवसा तो बऱ्याचदा पाण्याकाठी आराम करतो अन् सांजेला शेतात चरायला जातो, गवत अन् हरभऱ्या-गव्हाचे कोवळे कोंब खातो, तेव्हा तुझ्या बाबांनी कुरकुर केली तर त्यांचंही ऐकून घे.

प्रश्न : दुर्बीण कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो जितका आकडा मोठा तितकी चांगली. (अमरावती)

उत्तर : दुकानदाराला विकायची आहे. ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे पाखरू आठपट जवळ दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, त्यावर उजेड किती येतो ते ठरतं. १० बाय ५० जड होते अन् हात हलला का चित्रही जास्त हलतं, तलावावर तासभर धरून मान दुखते. २० पट, ३० पट लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी जत्रेतल्या खेळण्यात मोजा. ओळखायला मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, फोटो दाखवला किंवा आवाज ऐकवला का नाव सुचवतं, पण सुचवलेलं नाव म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, मादी बदकांत ते गडबडतं अन् तसं आपणही गडबडतोच.

प्रश्न : आमच्याकडं काही जण धानात विष मिसळून बदकं मारतात अन् बाजारात विकतात. सांगितलं तर भांडण होते. काय करावं? (नाव-गाव छापू नका)

उत्तर : छापत नाही. तुम्ही एकट्यानं अडवायला जाऊ नका, त्यात तुमचं भलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं रानपाखरू मारणं, पकडणं, विकणं गुन्हा आहे. वनविभागाचा १९२६ नंबर आहे, त्यावर फोन करा, जागा अन् वेळ नीट सांगा. अन् लोकांना कायद्यापेक्षा एक गोष्ट पटकन समजते ती सांगा, जे विष बदकाच्या पोटात गेलं ते त्याच्या मटनात पण असतं, खाणाऱ्याचं लेकरूही तेच खातं.

जोडून एक, तलावावर मेलेली पाखरं दिसली, एकापेक्षा जास्त, तर हात लावू नका, कुत्र्याला ओढू देऊ नका अन् घरी कोंबड्या असतील तर तसेच बूट घालून खुराड्यात जाऊ नका. विष असेल किंवा बर्ड फ्लू असेल, दोन्हीत पशुवैद्यकीय दवाखान्याला अन् वनविभागाला कळवायचं.

प्रश्न : सारस पाहायचा आहे, कोणत्या शेतात असतो ते लोकेशन पाठवा, आम्ही ड्रोनसहित येऊन राहिलो. (नागपूर)

उत्तर : नाही पाठवत.

प्रश्न : पक्षीगणनेत भाग घ्यायला काही परीक्षा-बिरीक्षा असते का? आम्ही शेतकरी आहोत, इंग्रजी नावं येत नाहीत. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : काही परीक्षा नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, आपल्या देशातही ठिकठिकाणी हौशी लोकच करतात. तलावावर जायचं, जेवढं ओळखता येतं तेवढं मोजायचं, जे येत नाही ते सोडून द्यायचं, अंदाजे नाव टाकून देण्यापेक्षा सोडलेलं बरं. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा, ते दहा डोळ्यात किती जागा घेतात ते पाहा अन् मग तेवढ्या-तेवढ्या तुकड्यांनी पूर्ण थवा मोजा. मराठी नावं लिहिली तरी चालतात, गणना करणाऱ्या गटात इंग्रजी नाव लावून देणारा कोणीतरी असतोच. मात्र दरवर्षी त्याच तलावावर जा, अन् पाण्याची पातळी पण लिहून ठेवा, तुडुंब, अर्धा का तळाला. एका वर्षी बदकं कमी दिसली तर ती खरंच कमी झाली का पाणीच खोल होतं, हे त्याशिवाय समजत नाही.

प्रश्न : मी पहाटे पाचला उठवतो तर बायको म्हणते पाखरं कुठं पळून जातात का, आठला जाऊ. खरं कोणाचं? (तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : तलावावर वहिनींचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं तलावावर धुकं असतं, सातपर्यंत समोरची पाळ दिसत नाही, पाचला जाऊन नुसती थंडी खायची. बदकं पुष्कळदा रात्री चरतात अन् दिवसा पाण्यावर आराम करतात, तेव्हा आठ-नऊला तिथंच भेटतात. चहा पिऊन निघा, तलावाच्या पूर्वेच्या काठावर बसा म्हणजे ऊन पाठीशी राहील, अन् पाळीच्या वर उभे राहू नका, खालच्या बाजूनं झाडाच्या आडोशानं बसा. रानातली, माळावरची पाखरं पाहायची असली तर मात्र तुमचं बरोबर, तेव्हा पाचला उठवा.